एका कुळाची अकरा कुळं

"सगळ्या चिठ्ठ्या काढल्या?" मी विचारलं.

"व्हय की, मावशी," शिपाई धुळाप्पा खुशीत म्हणाला. "दोन दिस बसलोय. सहाशे किडं. एकाचाबी पाय मोडला न्हाय."

सात रस्त्याजवळच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं मदतनीस होते. अक्षर बरं म्हणून आताच्या विभागप्रमुख ऋतुजा मॅडमनी निवृत्तीनंतर पुन्हा बोलावलं होतं. बिया शोषणाऱ्या ढेकणांचं एक मोठं कुळ होतं. शास्त्रज्ञांनी ते मोडून अकरा कुळं केली. कापसावरचा करडा ढेकूण एकीकडे, रुईवरचा तांबडा दुसरीकडे. प्रत्येक किड्याच्या टाचणीवर दोन चिठ्ठ्या असायच्या, वर गावाची, खाली नावाची; नवी नावं मी लिहायची होती.

"नाव बदलू द्या की," मी म्हणाले. "पन त्याच्या वरची चिठ्ठी? गाव, तारीख, कुणी धरला त्याची?"

मॅडमनी धुळाप्पाकडे पाहिलं. "दोन्ही काढल्यास?"

"तुमीच म्हनला, जुनं समदं काढ."

"कुठं आहेत त्या?"

"सकाळीच घंटागाडीत दिल्या."

 मी स्टूल ओढून बसले. आमचे जुने विभागप्रमुख प्रभु सर टाचणीवरून काहीच काढू देत नसत. नवं नाव आलं की जुन्याच्या खाली टोचायचं. कुळ शंभरदा बदलेल, म्हणायचे, किडा सापडला ते गाव बदलत नाही. एसटीनं मंगळवेढ्याला जायचो, उन्हात रुईची झुडपं झाडायचो. किडा मी धरला असेल तर सर चिठ्ठीवर माझंच नाव घालायला लावत. चंद्रव्वा. अशा दोनेकशे होत्या.

"मावशी, सोमवारी तपासणीला समिती येतेय," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला आठवेल तसं लिहा ना. कोण बघतंय?"

"मंगळवेढाच टाका सगळ्यांस्नी," धुळाप्पा म्हणाला. "किडा काय तक्रार करतोय?"

मी भिंग घेतलं. मिशी तुटलेला एक ओळखला. तो मीच धरला होता, माचणूरच्या वाटेवर. आणखी तीन ओळखू आले. चौघांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, शेवटी 'आठवणीवरून' असंही लिहिलं. बाकीचे सारखेच दिसत होते. मंगळवेढ्याचे असतील, अक्कलकोटचेही असतील.

"मग यांच्यावर काय लिहायचं?" मॅडमनी विचारलं.

"ठिकाण माहीत नाही."

धुळाप्पा एकेक टाचणी माझ्यापुढं धरत गेला, मी प्रत्येकीसाठी तेच तीन शब्द लिहीत गेले. पेटीतली पहिली ओळ संपेपर्यंत त्यानं ओशाळून माझ्याकडं बघणं सोडलं होतं.