ओरखडा नसलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुना लेप आहे. औषधाचा नव्हे आणि भिंतीचाही नव्हे. पारदर्शक प्लास्टिकवर चरे पडू नयेत म्हणून वरून जो कडक, बिनरंगी थर देतात, तो मी. केसाहून पातळ. माझं काम नीट चाललेलं असलं की मी कुणाला दिसत नाही. स्वभावानं मी घाबरट आहे, हेही आधीच सांगून टाकतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, त्यातली माझी गत. पण जी भीती तुम्हाला सांगणार आहे, ती काही मी मनानं रचलेली नाही.

माझा जन्म एका धूळबंद खोलीत झाला. तिथल्या बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायच्या, नुसते डोळे दिसायचे. त्यांनी प्लास्टिकचा एक जाड पत्रा उभा टांगला, त्याच्यावरून मला ओघळू दिलं आणि मग आम्हा दोघांना गरम भट्टीत ठेवलं. त्या पत्र्याला मी थोरला म्हणतो. ओला होतो तोवर मला धुळीची धास्ती होती. धुळीचा एक कण जरी चिकटला असता, तरी जन्मभराचा डाग राहिला असता. भट्टीतून निघाल्यावर एका बाईंनी माझ्यावर तारेची घासणी खसाखसा घासली, उजेडात धरून पाहिलं आणि पुढच्या कामाला लागल्या. चरे मी झेलायचे आणि दणके थोरल्यानं, अशी आमची वाटणी होती.

नंतर आम्हाला मापात कापलं आणि चार कोपऱ्यांत स्क्रूसाठी भोकं पाडली. मित्रांनो, एवढं मात्र ध्यानात ठेवा. कापलेल्या कडांवर आणि भोकांच्या आत मी नव्हतो. तिथे थोरला उघडा होता.

आमची नेमणूक झाली ती एका छोट्या कारखान्यातल्या लेथवर. लेथच्या दारात आम्हाला खिडकी म्हणून बसवलं. आत लोखंडाचा तुकडा गरागरा फिरायचा, पातं त्याला सोलायचं आणि तापलेला कीस माझ्यावर तडतडायचा. बाहेरून एक बाई आत वाकून बघत असायची. कारखान्याच्या मालकांची ती सून. सगळे तिला सूनबाईच म्हणायचे, माल न्यायला येणारा टेम्पोवालासुद्धा. बारीक काम असलं की ती इतकी जवळ यायची की तिच्या श्वासानं माझ्यावर धुकं धरायचं. तिचे डोळे आणि तो फिरता तुकडा यांच्यामध्ये फक्त आम्ही दोघं होतो. पहिल्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला तो यामुळे.

तिचे सासरे चाळीस वर्षं लेथ चालवून थकले होते. हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी लेथ सुनेच्या हाती दिला. पण घरी बसवेना. मग त्यांनी स्वतःसाठी एक काम शोधून काढलं. रोज संध्याकाळी लेथ थांबला की हातात फडकं आणि थिनरची बाटली घेऊन ते यायचे आणि मला पुसायचे. थिनर म्हणजे रंग पातळ करायचं ते उग्र वासाचं पाणी. तेलाचे डाग त्यानं चुटकीसरशी निघतात. माझं त्यानं काही बिघडत नव्हतं. मी आरशासारखा लखलखायचो आणि मनात फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू?

येईल त्या गिऱ्हाइकाला ते माझ्यासमोर उभं करायचे. "आठ वर्षं झाली हिला. एक ओरखडा दाखवा, चहा माझ्याकडून."

"आणि नाही सापडला तर?"

"तर तुमच्याकडून. चहा काही चुकत नाही."

पण मित्रांनो, रोज पुसताना थिनरचा एखादा थेंब ओघळून कडेभोवतीच्या रबराच्या पट्टीखाली जायचा. तिथून कडेला, कडेवरून स्क्रूच्या भोकात. थेंबे थेंबे तळे साचे, असं तुम्ही शिकता, ते बचतीचं. इथे विष साचत होतं, कारण मला सोसणारं थिनर उघड्या थोरल्याला सोसत नव्हतं. एके दिवशी मला खालच्या कोपऱ्यात काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. थोरल्याच्या अंगात बारीक भेगा पडल्या होत्या. दर आठवड्याला त्या थोड्या पुढे सरकायच्या. पट्टीमुळे कुणाला दिसायच्या नाहीत आणि उरलेली खिडकी तर माझ्यामुळे नव्यासारखी दिसायची. थोरला दणके झेलायचा तो आता राहिला नव्हता, आणि ही गोष्ट मीच झाकून उभा होतो.

तेव्हापासून मला जी भीती लागली, ती कशी सांगू? सूनबाई वाकली की माझी पाचावर धारण बसायची. जन्मभर ज्या ओरखड्याला मी भ्यालो, तोच मी आता मागू लागलो. एखादा तरी चरा पडू दे, ही खिडकी म्हातारी झाली असं कुणीतरी म्हणू दे. पण मला फार चांगलं बनवलं होतं. चरा काही पडला नाही.

एका दुपारी लेथच्या पकडीतून लोखंडाचा तुकडा निसटला. धाडकन आवाज झाला आणि दाराच्या लोखंडी भागाला वाटीएवढा पोचा आला, माझ्यापासून वीतभर अंतरावर. सूनबाईनं लेथ बंद केला आणि ती खाली बसली. 

सासरे धावत आले. "लागलं का कुठे?"

"नाही बाबा."

"खिडकीवर आला असता तरी घाबरायचं कारण नव्हतं. बसवायला आलेल्या माणसानं माझ्यासमोर हातोडा मारून दाखवला होता. हातोडा उलटा उडाला होता."

 पण भीती माणसाला बघायला लावते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पकड तपासली, दाराच्या बिजागऱ्या तपासल्या आणि शेवटी बॅटरी घेऊन माझ्या खालच्या कोपऱ्यातली रबराची पट्टी उचकटली. तिरप्या उजेडात तिला त्या भेगा दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. तिनं नखानं एक भेग चाचपली. मग तिनं चारही स्क्रू काढले.

"बाबा, ही बदलायला हवी."

"बदलायची? एक ओरखडा नाही तिला."

"ओरखड्याचं नाही म्हणत मी. कोपरे बघा."

"कोपऱ्यात असतं थोडंफार. तळहाताच्या फोडासारखी जपलीय मी ती. या कारखान्यात आता मला तेवढंच एक काम उरलंय, सूनबाई."

तिला वाईट वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तिनं खिडकी परत लावली नाही. सासरेही हट्टाला पेटले. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" असं म्हणून त्यांनी आम्हाला अंगणात नेलं, भिंतीला टेकवून उभं केलं आणि हातोडा घेतला. तुकडा उडून लागू नये म्हणून सूनबाईनं त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. त्यांनी काही जोरात मारलं नाही. आपल्या हातानं जपलेल्या वस्तूवर कुणाचा हात उठतो? हलकासाच टोला होता.

थोरल्याचे तीन तुकडे झाले. हातोडा आरपार जाऊन भिंतीवर आपटला.

 सासऱ्यांनी कोपऱ्याचा एक तुकडा उचलला; त्याच्या भोकाला थिनरचा वास येत होता. तो अजूनही चकाकत होता. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे, डोळ्यांकडे, जणू मोजदाद करत होते.

"तू रोज इथे तोंड लावून बघायचीस," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी रोज..."  ते तिथेच पायरीवर बसले आणि रडले. सूनबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

त्यानंतर चार दिवस ते कारखान्याकडे फिरकले नाहीत. नवी खिडकी आली, सूनबाईनं ती बसवली आणि चौकटीवर रंगानं त्या दिवसाची तारीख लिहिली. मी थोरल्याच्या तुकड्यांसकट अवजारांच्या फळीवर पडून आहे. मला फेकू नका, असं तिनं सगळ्यांना बजावलंय.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. मित्रांनो, हे मी सांगावं, कारण फसवणारा मीच होतो. तुम्हाला एवढीच विनवणी आहे. एखादी वस्तू तुमचा जीव सांभाळत असेल, तर तिची नुसती चकाकी बघू नका. तिच्या कडा बघा, ती किती वर्षांची झाली ते विचारा आणि तिला काय सोसतं ते जाणून मग तिला पुसा. नव्या खिडकीवरही माझ्यासारखाच एक लेप आहे. तोही असाच लखलखतो आणि मला आताही धडकी भरते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सासरे आले. फडकं आणलं होतं, बाटली नव्हती. नव्या खिडकीसमोर येऊन त्यांनी चौकटीवरची तारीख वाचली. मग चाळीस वर्षं लेथ चालवलेल्या त्या माणसानं सुनेला हळूच विचारलं, "हिला कशानं पुसू?"

"साबणाच्या पाण्यानं, बाबा," ती म्हणाली आणि बादली भरायला गेली.