मागची माणसं

मंडणगडच्या वरच्या अंगाला शालनची वाडी. दिवाळीनंतर तिथं धूर निघायचा तो एकाच चुलीतून. शेजारची गंगासुद्धा लेकाकडे मुंबईला गेली नि शालन तेवढी उरली. पण कबूल करेल तर ती शालन कसली! लेकाला, अभयला, तिनं फोनवर ठोकून दिलं, "मानसं परत आलीत रे. वाडी भरलीय."

अभयही तिच्याच पोटचा. म्हणाला, "आये, मग फोटो धाड. एकटी असलीस तर नाताळात येतंय, नि घराला टाळा मारून तुला घेऊनच जातंय."

घराला टाळं लागलेलं तिला जीव असेतो बघायचं नव्हतं. खालच्या गावातली तेजल लग्नाचे फोटो काढायची, तिला शालननं बोलावून घेतलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? सगळं सरळ सांगून टाकलं.

तेजलनं ट्रंकेतल्या साड्या मागितल्या. अंगणाच्या पार टोकाला बांबू रोवून त्यांना त्या गुंडाळल्या, वर मडकी पालथी घातली. बुजगावण्यांची सभाच भरली. शालन हसून हसून बेजार.

"मावशी, अॅपर्चर, म्हणजे भिंगाचं भोक, पुरतं उघडलं की जवळचं तेवढं स्पष्ट, मागचं सगळं पुसट," तेजल म्हणाली. सकाळचं धुकं दाट होतं, चेहरा काळा पडला असता, म्हणून तिनं हलकासा फ्लॅश मारला.

फोटोत शालन लख्ख दिसत होती, एकेक सुरकुती मोजावी अशी. मागं मात्र धुक्यात बायामाणसं उभी, गप्पा मारत असल्यासारखी. शालन बघतच राहिली.

"ही निळ्या साडीतली गंगाच वाटतेय गो," ती हळूच म्हणाली. फोटो अभयला गेला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज अगदी मोकळा. "आये, बरं झालं बघ. रजेचं काय जमतच नव्हतं. एवढी मानसं हायत सोबतीला, मग यंदा नाय येत."

टाळं टळलं होतं. ती जिंकली होती. पण नाताळात तो येईल, या एका आशेवर आपण इतके दिवस तगून होतो, हे तिला आत्ता उमगलं. ये रे, म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण कशासाठी ये म्हणायचं?

"नको येऊस," ती म्हणाली. "हितं तरी कुनाला सवड हाय?"