फुल्हेन्सिओ मनोऱ्यावरून पडतो

या महिन्यात माझ्या हातात तीन कामं होती. पोर्फिरिआच्या गुत्त्याच्या दारावर हसणारी कोंबडी, शाळेच्या भिंतीवर सहा क्रांतिवीर (मुख्याध्यापकांच्या मते पाचांच्या मिशा सारख्याच आल्यात), आणि शुक्रवारच्या प्रदर्शनासाठी नवसाच्या बारा पाट्या. प्रदर्शन आमच्या गावच्या संस्कृती-भवनात. त्यानंतर सव्वीस तारखेला जत्रेतही मला मांडव मिळणार आहे, मक्याच्या कणसांच्या गाडीशेजारी. हे सगळं मी आता शांतपणे सांगतोय. त्या मंगळवारी मला स्वतःचं नावही नीट सांगता आलं नसतं. ते एलेउतेरिओ आहे.

आमच्याकडे संकटातून वाचलेला माणूस ओढ्याच्या मारिया मायला पत्र्याची पाटी वाहतो. वर संकटाचं चित्र, कोपऱ्यात ढगावर माय, आणि खाली दोन ओळी: अमुक तारखेला अमक्याला वाचवलंस, उपकार झाले. तीस वर्षं मीच त्या रंगवतोय. प्रदर्शनासाठी अकरा घरांनी आपापल्या पाट्या दिल्या. बारावी मिळेना. गावात संकटं कमी झाली होती, त्याला मी काय करणार?

म्हणून बारावी मी मनानेच रचली. चर्चच्या मनोऱ्यावरून माणूस पडतो आणि वाचतो. चेहरा कोणाचा द्यायचा, तर फुल्हेन्सिओचा, कारण त्याचं नाक दोन फटक्यांत काढता येतं. फुल्हेन्सिओ माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे माझा कोम्पाद्रे. लहानपणी आम्ही एकमेकांना दगड मारले. बाप्तिस्म्यापासून मात्र ‘तुम्ही’ म्हणतो. खाली त्याचं नाव घातलं, बारा मार्च घातली आणि पत्रा मिठाच्या पाण्याने गंजवून जुना केला. साल मागचं घालायचं होतं. हाताने सवयीने यंदाचं घातलं.

रविवारी पाद्रीबाबांनी बाराही पाट्यांवर तीर्थ शिंपडलं. माझी बायको ओब्दुलिआ पाटीजवळ वाकली आणि तशीच वाकून राहिली.

“एलेउतेरिओ, हा बारा मार्च अजून यायचाय. परवा.”

“मग?”

“मग काय? परवापासून फुल्हेन्सिओ चर्चच्या मनोऱ्याला चुना मारणार आहे.”

मी पाटीवरची तारीख पुन्हा वाचली.

“पुसून टाक,” ती कुजबुजली.

“काय पुसू? वर पडणं आहे, खाली वाचणं. खालचं पुसलं तर तो नुसताच पडेल.”

“मग वरचं पूस.”

“म्हणजे न झालेल्या कामाबद्दल मायचे आभार मानायचे? तीर्थ पडल्यावर? तिला ती थट्टा वाटली तर?”

ओब्दुलिआने छातीवर दोनदा क्रूस काढला. एक फुल्हेन्सिओसाठी. दुसरा माझ्यासाठी असावा, पण तो काढताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

सोमवारी मी फुल्हेन्सिओच्या घरी गेलो आणि सगळं कबूल केलं. वाटलं, घाबरून काम सोडेल. तो जेवत होता. त्याने मक्याची तोर्तिया शांतपणे बीन्समध्ये बुडवली.

“म्हणजे मी पडणार, असं लिहिलंय?”

“हो, कोम्पाद्रे.”

“आणि वाचणार, असंही लिहिलंय?”

“हो, पण...”

“पण काय? पाद्रीबाबांनी शिक्का मारलाय. वीस वर्षं वर चढताना बांधायचा दोर कमरेला काचतोय, माहीत आहे तुम्हाला?” आणि त्याने मला बीन्स वाढले.

मंगळवारी सकाळी चर्चसमोर पोचलो तर दोर जिन्याच्या पायथ्याशी वेटोळं होऊन पडला होता. फुल्हेन्सिओ वर, घंटांच्या कमानीबाहेर, वीतभर कठड्यावर उभा होता. हातात बादली. शीळ घालत होता.

मी शिडीच्या चौथ्या पायरीवरून क्रांतिवीरांच्या टोप्या रंगवतो, तेव्हाही ओब्दुलिआ शिडी धरून उभी असते. तरी दोर खांद्यावर टाकला आणि जिना चढलो. चढताना एकच गोष्ट डोक्यात होती: माझ्या नावाची पाटी कुठेच नाही. घंटेपाशी रांगतच पोचलो. खालचा चौक पाटीवर रंगवला होता तेवढाच दिसत होता, बोटभर.

“कोम्पाद्रे,” मी घंटेला मिठी मारून म्हणालो, “दोर घ्या.”

“अहो, तुम्ही कशाला आलात? चेहरा बघा, चुन्यासारखा झालाय!” तो हसायला मागे झुकला. कठड्यावरून चुन्याचा पोपडा सुटला. खाली आपटल्याचा आवाज ऐकू यायला फार वेळ लागला.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“कोम्पाद्रे, त्या पाटीत... तुम्ही वाचता. पण कसे, ते तुम्ही विचारलंच नाहीत.”

शीळ थांबली. “कसे म्हणजे?”

“लोकांना डोळ्यांत पाणी आणणारं आवडतं. तुम्हाला माहीत आहे.”

“कसा वाचतो मी, एलेउतेरिओ?”

‘तुम्ही’वरून तो नावावर आला होता.

“पाय... जरा उलट्या बाजूला काढलाय.”

“कोणता?”

“दोन्ही.”

बादली त्याच्या हातात कलली. चुना त्याच्या बुटावर सांडला. त्याने खाली बघितलं नाही.

“आणखी?”

“लाल रंग थोडा उरला होता.”

तो भिंतीला चिकटला, गाल चुन्यावर टेकून, आणि डोळे मिटले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, “दोर टाका, कोम्पाद्रे.”

मी एक टोक मनगटाला गुंडाळून दोर फेकला; पहिल्यांदा तो घंटेलाच लागला आणि ती वाजली. दुसऱ्यांदा त्याने पकडला. कमरेला एक, दोन, तीन फेरे घेतले, मग मांडीलाही. इंचाइंचाने सरकत कमानीतून आत आला आणि माझ्या अंगावर कोसळला. दोघं जिन्यावरून बसत बसत उतरलो, एकेक पायरी, लहान मुलांसारखे. चौकात आल्यावरही त्याने दोर सोडला नाही. जमिनीवर फतकल मारून दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरून बसला. मीही शेजारी बसलो. बारा मार्चचा दिवस अजून अर्धाही सरला नव्हता.

थोड्या वेळाने त्याने मान वळवली.

“कोम्पाद्रे, खरं सांगा. दात तरी ठेवलेत ना?”