आरपार न जाणारी गोळी

मोंटानातल्या गोठलेल्या माळावर आयडेला बंदूक घेऊन दबा धरून बसली होती. ज्यांचं गायलेलं प्रवचन ऐकून अख्खं गाव डोळे पुसायचं, ते पाद्री एल्डन पुढच्या महिन्यात उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत जाणार होते. त्यांच्या कोटाला कायोटीच्या, म्हणजे तिथल्या छोट्या रानलांडग्याच्या, केसाळ कातड्याची कॉलर लावायची, असं तिनं कबूल केलं होतं. कातडी कमावणाऱ्याची गाडी आज दुपारीच यायची होती, मग महिनाभर नाही. आणि परवा तिच्या भावानं, ऑर्व्हलनं, हरणं मारायच्या जाड गोळीनं कायोटीच्या कुशीला ताटाएवढं भगदाड पाडलं होतं.

"दादा, आज माझी गोळी. हलकी, वेगवान, आत शिरली की तिथंच फुटून थांबणारी."

"डास मारायचाय का, बाई?"

"कॉलर शिवायचीय, चाळण नाही! गप्प बस आणि सशासारखा ओरड."

ऑर्व्हलनं शिट्टीतून जखमी सशाचा आक्रोश काढला. लगेच टेकडीवरून दाट केसांची कायोटी धावत आली. खांद्याच्या हाडावर लागली तर ही नाजूक गोळी वरच फुटून कातडं फाडणार! आयडेला थांबली. कायोटी आडवी वळली, तसा तिनं खांद्यामागच्या बरगड्यांवर नेम धरला आणि देवाचं नाव घेऊन चाप ओढला.

दोघं बर्फातून धडपडत धावली. ऑर्व्हलनं केसांत बोटं फिरवली. एका कुशीला वाटाण्याहून बारीक भोक, दुसरी कूस कोरी!

"आयडे, बाहेर पडलीच नाही गं!"

"मग बघतोस काय? सुरी काढ, गाडी यायच्या आत कातडं मोज्यासारखं ओढून सोलू!"