मागची दोन तोंडं

माझा नवरा व्हर्जिल माणूस चांगला, पण कार्ब्युरेटर दिसला की त्याच्यातला मास्तर जागा होतो. आमच्या जुन्या शेव्ही गाडीचा कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल पाजणारा भाग, चार तोंडांचा. पुढची दोन तोंडं पायाखालच्या पेडलने उघडतात. मागची दोन आपली आपण: इंजिन भरपूर हवा ओढायला लागलं की बाजूच्या डबीतला पडदा वर खेचला जातो आणि त्याची दांडी ती तोंडं उघडते. तिला अडवून धरते एक स्प्रिंग. नरम असली तर लवकर उघडतात, कडक असली तर उशिरा. एवढीच गोष्ट, पण एवढ्यावरून आमच्या कॅन्ससमध्ये सख्खे भाऊ बोलायचे थांबतात.

शुक्रवारी व्हर्जिलने अंगणात उभ्या गाडीला जोरात रेस दिली नि जाहीर केलं, "मागची उघडतच नाहीत. स्प्रिंग फार कडक आहे."

"अरे, उभ्या गाडीला एवढी हवा लागेलच कशाला? ओझं पडल्याशिवाय ती नाही उघडायची."

"रोएना, तू ओव्हनमधला ॲपल पाय बघ."

तो ॲपल पाय जळला असता तरी चाललं असतं, इतकी मी तडकले. म्हटलं, उद्या शर्यतीच्या पट्टीवर दोघं एकेकदा पळवू, ज्याची वेळ कमी तो यंदाचा सगळा हंगाम गाडी चालवेल. तो हसत हो म्हणाला. एकोणीस वर्षं मी कडेला उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मला ती सीट हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

शनिवारी आधी तो गेला. सगळ्यात नरम स्प्रिंग घातलेली. हिरवा दिवा लागला, गाडी क्षणभर गुदमरली आणि मग उसळली. परत आला तो खुशीत. "पाठीत लाथ बसली, लाथ." वेळेच्या चिठ्ठीवर चौदा पूर्णांक एकसष्ट सेकंद.

मी डबीचे स्क्रू काढले, पडद्याची कड दुमडू न देता दोन नंबरनी जास्त कडक स्प्रिंग बसवली. मग दांडीला कागद एकत्र लावायची एक क्लिप अडकवून डबीपर्यंत वर सरकवली. दांडी जेवढी वर जाईल तेवढी क्लिप दांडीवरून खाली ढकलली जाणार.

"ऑफिस उघडलंस का?" व्हर्जिल म्हणाला.

माझ्या वेळी लाथ नाही, धक्का नाही. गाडी एकसारखी ओढत गेली. मलाच वाटलं, हरले.

"लायब्ररीत निघाली होतीस का गं?" त्याने विचारलं. "मला तर जांभई आली."

मी बॉनेट उघडलं. क्लिप पार खाली सरकलेली. मागची तोंडं पूर्ण उघडली होती, फक्त आपल्या वेळेला, इंजिन न गुदमरवता. तेवढ्यात वेळेच्या चिठ्ठ्या देणाऱ्या मॅव्हिसने तिच्या खोलीच्या खिडकीतून माझी चिठ्ठी दिली नि म्हणाली, "व्हर्जिल, बसून घे."

चौदा पूर्णांक बावीस.

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग खिशातून बुटांच्या पांढऱ्या पॉलिशची बाटली काढली. पट्टीवर चालवणाऱ्याची वेळ गाडीच्या काचेवर या पॉलिशनेच लिहितात. त्याने आपला आकडा टोपीने पुसला, माझा लिहिला आणि त्याखाली वीतभर अक्षरांत माझं नाव. दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

"लांबून वाचता येतंय ना?" त्याने विचारलं.

मला येत नव्हतं. माझे डोळे भरले होते.