बाईंची चूक

बोलणार मी, आणि माझ्या शेजारी काय लिहिलेलं दिसायचं ते नंतर दुसरंच कोणी ठरवणार, हे ऐकलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

आमच्या शाळेत व्हिडिओ पाठ तयार करायचं सॉफ्टवेअर आलं, तेव्हाची ही गोष्ट. ते दाखवायला आलेला माणूस मोठा गोडबोल्या होता. पडद्याच्या डाव्या बाजूला शिक्षक बोलताना दिसणार, उजव्या बाजूला स्लाइड. शिक्षकानं हातातलं बटण दाबलं की स्लाइड पुढे जाणार, आणि कोणत्या वाक्याला कोणती स्लाइड होती ते सॉफ्टवेअर लक्षात ठेवणार. मुलानं घरी पाठ मागे नेला की स्लाइडही आपोआप मागे जाणार. "आणि सगळ्यात भारी म्हणजे," तो म्हणाला, "स्लाइड नंतरही बदलता येते. व्हिडिओ परत घ्यायची गरजच नाही."

सगळ्या शिक्षकांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "बदलणार कोण?"

"ज्याच्याकडे पासवर्ड असेल तो, मॅडम," असं म्हणून तो हसला. माझ्या प्रश्नावर हसणारी माणसं मला आवडत नाहीत.

मी नीलम्मा, गणिताची शिक्षिका. आमची शाळा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागून आहे, आणि मुलं बहुतेक टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची. मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे म्हणतात, तू देवाचा प्रसादसुद्धा वास घेऊन खातेस. खातेच. पण या खेपेला संशयाला कारण होतं. आमच्या संस्थेच्या तीन शाळा, सोलापूरची ही, एक मोहोळला आणि एक बार्शीला. संस्थेचे सचिव सयाजीराव यांनी जाहीर केलं होतं की गणिताच्या एकाच शिक्षकाचे पाठ तिन्ही शाळांच्या दहावीला दाखवायचे, आणि इथली दहावीही त्याच शिक्षकाकडे ठेवायची. कोण ते दोघांचे पाठ बघून ठरणार होतं, आणि दुसऱ्यानं पाचवी-सहावी सांभाळायची. शाळेत गणिताचे शिक्षक दोघंच होतो. मी, आणि कानामागून येऊन तिखट झालेला शिवपुत्र.

पाचवी-सहावी वाईट नाही हो. पण दहावी ती दहावी. चौकातून जाताना बाप्ये मोटरसायकल थांबवून "बाई, तुमच्यामुळं गणित सुटलं" म्हणतात, ते दहावीतलेच असतात. मला दहावी हवी होती, आणि ती हवी असण्याची मला जराही लाज वाटत नव्हती.

जुन्या शिवणाच्या खोलीचा स्टुडिओ केला. आवाज घुमायला लागला म्हणून चारी भिंतींना चादरी लावल्या. सगळं बघायला धम्मप्रिया. ती आमच्याच शाळेत संगणक शिकवते, आणि त्याच्या आधी माझ्याच वर्गात शिकलेली. बहुतेक सगळ्यांच्या स्लाइड ती चढवायची, कॅमेरा सुरू करून देऊन आपल्या तासाला जायची, मग नंतर एकेका पाठात स्लाइड बरोबर जागी बदलते का ते तपासायची. पाठांचा नुसता ढीग पडला होता. बिचारी आवाज बंद ठेवून सांधे तेवढे बघायची, एका विषयावरून दुसऱ्यावर. तिच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. ती माझी पोर होती.

आता माझी शिकवायची एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी फळ्यावर मुद्दाम चूक करते. चूक करून तशीच पुढे जाते, उत्तर भलतंच येतं, मग कपाळाला हात लावून म्हणते, "आता गं बाई! कुठं माती खाल्ली मी?" ज्याला चूक सापडेल त्यानं हात वर करायचा नाही, बोलायचं नाही. सरळ उठायचं, माझ्या हातातला खडू घ्यायचा, फळ्यावर दुरुस्त करायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. मीही शाबासकी देत नाही, नुसती पुढे शिकवायला लागते. या पद्धतीत एकच नियम मी जिवापाड पाळला. चूक मुद्दाम केली होती हे मुलांना कधीही, कधीही कळू द्यायचं नाही. ते कळलं तर उरला काय, खेळ. बाईंची खरीखुरी चूक आपण धरली, यानं पोरांच्या पाठीचा कणा ताठ होतो, तो खेळानं होत नाही.

व्हिडिओतही मी तेच केलं. सतरंजीचं गणित होतं. सतरंजीची लांबी रुंदीपेक्षा चार फुटांनी जास्त आणि क्षेत्रफळ साठ चौरस फूट. स्लाइडवर मी चिन्हं उलटी टाकली, म्हणजे रुंदी आली दहा आणि लांबी चौदा. मग कॅमेऱ्याकडे बघत पुटपुटले, "दहा गुणिले चौदा, एकशेचाळीस? आपली सतरंजी तर साठाची होती. कुठं माती खाल्ली मी?" जरा थांबले, आणि हळूहळू बोलत बोलत चिन्हांपर्यंत आले. दुरुस्ती स्लाइडवर ठेवली नाही, ती मुलांनी वहीत करायची होती.

पाठ चढला त्याच दिवशी शिवपुत्र स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी येऊन बसला. "मॅडम, तुमचा पाठ आला की मी लगेच बघतो. सतरंजीचा लई भारी झालाय. शेवटपर्यंत कळूच देत न्हाई की तुमी."

माझ्या पाठांत याला एवढं काय गोड लागतंय? शिवाय बोलताना चष्म्याआडून हसत होता. गोड बोलून गळा कापणारी माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. मी नुसतं "हं" केलं.

पुढच्या आठवड्यात सयाजीराव शाळेत आले. ते मोहोळचे, मोठे बागायतदार, पण संस्थेचं काम मनापासून बघतात. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, तब्येत बरी हाय नव्हं?"

"मला काय झालंय?"

"न्हाई, काल घरी बसून तुमचा सतरंजीचा पाठ बघितला. शेजारी धडधडीत सहा आन् धा लिवलंय, साठ उत्तर बराबर आलंय, आन् तुमी म्हनताय एकशेचाळीस कसं झालं, कुठं माती खाल्ली. मंडळी म्हनली, बाईंचं वय झालं वाटतं." आणि माझ्या खांद्यावर थोपटावं तसं हवेतच थोपटून ते निघून गेले.

मी पळतच स्टुडिओत गेले आणि पाठ लावला. खरंच, स्लाइडवर चिन्हं सरळ होती. बरोबर गणिताशेजारी उभी राहून मी वेड्यासारखी कपाळ बडवत होते. आधीचे पाठ उघडून पाहिले. जिथं जिथं मी चूक पेरली होती, तिथं तिथं कोणीतरी ती सफाईनं दुरुस्त केली होती. अक्षराचा आकारसुद्धा जुळवलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला खोटं ठरवायला चूक घालावी लागत नव्हती, काढली तरी पुरत होतं. डोकेबाज माणसाचं काम होतं.

"पासवर्ड कुणाकुणाकडं आहे गं?" मी धम्मप्रियाला विचारलं.

"माझ्याकडं, बाई. आन् शिवपुत्र सरांकडं. त्यांचे पाठ तेच चढवतात."

"माझ्या स्लाइडींना कोणी हात लावतं का?"

ती खाली बघायला लागली. लॅपटॉपची वायर उगाच गुंडाळत राहिली. मला काय कळायचं ते कळलं. पोर घाबरली होती. कंत्राटावरची नोकरी, कोणाचं नाव कशाला घेईल? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "राहू दे. मी बघते."

मग मी सापळा लावला. नव्या पाठात बार्शीला जाणाऱ्या एसटीचं गणित घेतलं आणि वेळेचं असं काही त्रांगडं केलं की गाडी सोलापुरातून सुटायच्या आधीच बार्शीला पोचली. पाठ चढला, मी स्वतः बघून घेतला, चूक जागेवर होती. दुपारच्या सुट्टीत समोरच्या व्हरांड्यात वह्या तपासायचं सोंग करून बसले. शिवपुत्र स्टुडिओत गेला. बराच वेळ आत होता. बाहेर आला तो चष्मा पुसत, स्वतःशीच हसत. शाळा सुटताना मी पाठ पुन्हा लावला. एसटी सुतासारखी सरळ झाली होती, वेळेवर सुटून वेळेवर पोचत होती.

सापडला! खरं सांगते, मला आनंद झाला. संशय खरा ठरण्यासारखं सुख नाही.

निर्णयाची बैठक स्टाफरूममध्येच होती. सयाजीराव मध्ये बसले होते, बाकी शिक्षक कडेनं, धम्मप्रिया पडद्याजवळ. त्यांनी दोघांचे पाठ थोडे थोडे लावायला सांगितले. शिवपुत्रचा झाला. माझा एसटीचा सुरू झाला आणि मी पडद्यावर म्हणाले, "सुटायच्या आधीच पोचली? ही एसटी आहे का भूत?" शेजारी गणित अगदी बिनचूक. कोणीतरी खाकरलं. कोणीतरी हसू दाबलं.

मी उठले. "थांबवा ते. माझ्या स्लाइडी बदलल्या जातायत. एक नाही, सगळ्या. आणि बदलणारा माणूस या खोलीत आहे. शिवपुत्र सर, तुम्ही. दहावी हवी होती तर समोरून मागायची, असं पाठीमागून नाही."

शिवपुत्रचा चेहरा पांढराफटक पडला. "मी? मॅडम, मी कशाला..."

"स्टुडिओतून बाहेर पडताना मी पाहिलंय तुम्हाला. आता सगळ्यांना सांगते, त्या स्लाइडीवर मूळ काय होतं आणि का होतं..."

"बाई." धम्मप्रिया उभी राहिली होती. "सरांनी न्हाय. मी बदलल्या."

तिनं समोरचा लॅपटॉप मिटला.

"तुमच्या चुका होत हुत्या, बाई. सांधे बघताना दिसायच्या. चिन्ह उलटं, येळ उलटी. मला वाटलं, हे लोक बगतील आन् तुमची दहावी जाईल. म्हणून गुमान दुरुस्त केल्या. तुमीच शिकवलंय की, चूक दिसली तर बोलायचं न्हाय, उठून दुरुस्त करायची." ती माझ्याकडेच बघत बोलत राहिली. "आठवीत मी पहिल्यांदा उठले हुते. त्याच्या आदी वर्गात मी कधी तोंड उघडलं नव्हतं. समीकरणात तुमी चिन्ह बदलायचं राहिलं हुतं, मी खडू घेतला आन् बदललं. आमचे बाबा टॉवेलाच्या मागावर हुते. गल्लीभर सांगत फिरले, माझ्या पोरीनं बाईंची चूक धरली. त्या दिसापासून मला वाटाय लागलं, मला बी येतं. त्यामुळंच हितं हाय मी. तुमच्या चुकांवर कुणी हसल्यालं मला बगवलं न्हाय, बाई."

मला तो दिवस आठवत होता. तिला वाटत होतं त्याहून जास्त आठवत होता. मागच्या बाकावरची ती मुकी मुलगी कधी उठेल म्हणून मी कितीतरी दिवस वाट पाहिली होती. शेवटी तिला नक्की दिसेल अशी सोपी चूक निवडली, फळ्याच्या तिच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिली, आणि इतर कोणी उठायला लागलं की डोळे वटारून खाली बसवलं.

सयाजीराव माझ्याकडे वळले. "बाई, तुमी कायतरी सांगत हुता. स्लाइडीवर मूळ काय हुतं आन् का हुतं म्हनून."

सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरेसं होतं. चुका मुद्दाम केल्या होत्या, माझी पद्धतच आहे, पाठ आवाजासकट ऐका. दहावी तिथल्या तिथे माझी झाली असती. धम्मप्रियाही बघत होती. डोळे भरलेले, पण मान ताठ.

"चूकच होती," मी म्हणाले. "माझ्याकडून होतात आताशा. पोरीनं बरोबर केलं."

शिवपुत्र ताडकन उठला. त्यानं माझा प्रत्येक पाठ चढल्या चढल्या पाहिला होता, बदलायच्या आधी, आवाजासकट. "न्हाई, न्हाई, साहेब, मॅडमच्या त्या चुका तर..."

"शिवपुत्र सर!" दहावीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज काढला मी. "खाली बसा. मी तुमच्यावर नाही तो आळ घेतला, सगळ्यांदेखत माफी मागते. दहावी तुमची. आणि धम्मप्रिया, माझे सगळे पाठ आजच उतरव. चुकीचं काही मुलांपुढं राहायला नको."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग धम्मप्रियाकडे, आणि गप्प बसला. त्याला कळलं होतं. ज्याचा मी इतका संशय घेतला, त्या एकट्यालाच कळलं होतं.

सयाजीरावांनी सुस्कारा टाकला आणि दहावीपुढं शिवपुत्रचं नाव लिहायला सांगितलं. पाचवी-सहावी माझ्याकडे आली. माणसं उठली, चहा आला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. रडू येत होतं, आणि ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं.

धम्मप्रिया माझ्यामागे येऊन उभी राहिली. डोळे पुसून झाले होते तिचे. एखाद्या थकलेल्या माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाली, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. आता पाचवीच्या स्लाइडी केल्या की आदी मला दावत जावा. मी तपासून देत जाईन."

"दाखवीन हो," मी म्हणाले.