सासूबाईंचा भूतकाळ

माझ्या सासूबाई इंग्रजी शिकल्या, त्याचं श्रेय कुणी मला देऊ नये. मी घरातच इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. बाहेरच्या खोलीत फळा आहे, बाकं आहेत. त्या बाकावर सासूबाई मोजून दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू मला सारखं 'हाऊ आर यू' विचारतेस आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्याकडे वळतेस. मला नाही जमायचं." आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

त्यांना इंग्रजी हवं होतं ते जावयासाठी. माझ्या नणंदेनं परदेशात लग्न केलं होतं आणि तिच्या नवऱ्याला इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. तो पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होता. आतल्या खोलीत माझ्या नवऱ्यानं हौसेनं आणलेला आणि मग धूळ खात पडलेला व्हिडिओ गेम होता. सासूबाईंनी त्यातला आग विझवण्याचा खेळ निवडला. चौघांची तुकडी, पेटलेली इमारत, आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत आग आटोक्यात आणायची. बाकीचे तिघं इंटरनेटवरून खेळणारे, कुठल्या कुठल्या देशांतले. सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेली, त्यामुळे हेडफोन चढवला की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची आणि आवाज खणखणीत.

तोच आवाज माझ्या मुळावर आला. मी बाहेर मुलाखतीत शांतपणे कसं बोलावं ते शिकवत असायची आणि आतून ऐकू यायचं, "फायर! फायर! गेट आउट!" एक नवी विद्यार्थिनी पर्स उचलून खरोखर रस्त्यापर्यंत पळाली. ती परत आली नाही.

मी त्यांना परोपरीनं समजावलं. "यू गो वॉटर" हे चूक आहे, पूर्ण वाक्य असं करायचं असतं, त्याआधी 'प्लीज' लावायचं असतं. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तुझं वाक्य संपेपर्यंत वरचा मजला खाली येतो." तुकडीतला एक ट्रकवाला त्यांना 'ममा बॉस' म्हणायचा. मला घरात कोणी काही म्हणत नव्हतं.

नणंदेबरोबर जावई आला तो दाराच्या चौकटीपेक्षा उंच. आत शिरणार तोच सासूबाई ओरडल्या, "डक!" तो झटकन वाकला आणि डोकं वाचलं. त्यानंतर चार दिवस घरात हुकूमच सुटत होते. सिट. ईट. वेट. नॉट दॅट चेअर. मी शरमेनं अर्धी झाले. शेवटी त्याला बाजूला घेऊन मी त्यांच्या वतीनं माफी मागितली, चांगल्या तीन पूर्ण वाक्यांत. तो म्हणाला, छे, उलट बरं वाटतंय, नव्या घरात कुठे बसायचं हे पहिल्यांदाच कोणीतरी नीट सांगितलं.

पाचव्या दिवशी जेवताना त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे बघत विचारलं, बाबा कसे होते? माझे सासरे त्याच्या लग्नाआधीच गेले होते. सासूबाई घास खाली ठेवून म्हणाल्या, "ही इज गुड. ही इज टेलर. ही इज..." आणि थांबल्या. पुढे काही येईना. तो वाट बघत राहिला. त्यांनी ताट अर्धं टाकलं आणि उठल्या.

मी भांडी घासत होते, तिथे येऊन त्यांनी नळ बंद केला. "गेममध्ये सगळं आत्ताच चाललेलं असतं गं," त्या म्हणाल्या. "आग लागलीय, जा, पळ. मागचं कोणी बोलतच नाही. मला 'होते' शिकव."

इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होते असं मला वाटलं. ते वाटणं अर्धा तास टिकलं. 'गो'चं 'वेंट' कुठून आलं, हे त्यांना आधी हवं होतं. मला ते सांगता येईना. मग 'ईट'चं 'एट' आणि 'बीट'चं 'बीट'च का, हा दुसरा वाद. त्यांनी पेन टेबलावर आपटलं, मी फळा पुसायचं डस्टर. दोघी दोन खोल्यांत जाऊन बसलो.

संध्याकाळी मीच हार मानली. दुसरा हेडफोन लावला आणि त्यांच्या शेजारी बसले. खेळात मी दोनदा जळाले, एकदा शिडीवरून पडले. ट्रकवाल्यानं विचारलं ही कोण? सासूबाई म्हणाल्या, "माय सन्स वाइफ. व्हेरी स्लो." पण प्रत्येक आग विझल्यावर, पुढची लागेपर्यंत जरा उसंत मिळायची. त्यात मी विचारायचे, काय झालं? कोण कुठे गेलं? आणि त्यांना सांगावंच लागायचं. "फायर वॉज बिग. आय वेंट लेफ्ट. शी फेल डाउन." हे शेवटचं त्या जरा जास्तच आनंदानं म्हणायच्या. जावई निघायचा दिवस जवळ येत गेला, तसा आमचा आवाज वाढत गेला.

निघण्याच्या आदल्या दुपारी सगळे गॅलरीत बसलो होतो. सासूबाईंनी खुर्ची जावयासमोर ओढली आणि सांगायला सुरुवात केली. लग्नानंतर दोघं छत्री घ्यायला बाजारात गेले. सासरे छत्री घेऊन घरी आले, बायकोला दुकानातच विसरून. "ही रिमेंबर्ड अंब्रेला," सासूबाई म्हणाल्या. "ही फरगॉट मी."

जावई गदगदून हसला. मग तुम्ही काय केलंत, त्यानं विचारलं.

"आय टेक बस. टू डेज आय सेड नथिंग. ही कुक्ड. व्हेरी बॅड कुक्ड."

'टेक' ऐकून माझ्या जिभेवर 'टुक' आलं होतं. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

नणंद मात्र हसत नव्हती. "आई, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तू कधी विचारलंस?"

मग नणंद त्यांच्या पायाशी येऊन बसली आणि म्हणाली, सांग आता, पहिल्यापासून. सासूबाईंनी आपल्या भाषेत सुरुवात केली. छत्रीचा रंग, दुकानदाराची बडबड, शेजारणीची तिरकस नजर, सगळं आलं. आता जावयाला ओ की ठो कळेना, म्हणून भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. मी नीट, पूर्ण वाक्यांत सांगायला लागले, तर तिसऱ्याच वाक्याला सासूबाईंनी हात वर केला. "फास्ट," त्या मला म्हणाल्या. "तो झोपेल."